मुजावराचा भाचा

१२ जानेवारी २०२५, रविवार

जब्बार सरांनी आज माझं नाव घातलं. मला न विचारता.

पुढच्या रविवारी आमची मशीद सगळ्यांसाठी उघडी. हिंदू, बौद्ध, लिंगायत, कुणीही यावं, आत बसावं, हवं ते विचारावं. मराठीत सांगणारी मुलं हवीत. सर निवृत्त शिक्षक आहेत, मराठी माध्यमाचे. म्हणाले, "मुबीन, तुझं मराठी स्वच्छ आहे. आपली बाकीची पोरं बोलायला लागली की पाहुणे ओठ दाबतात."

हो म्हणालो. घरी येईपर्यंत पस्तावलो. मी अकरावीत कॉलेज सोडलेला माणूस. टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला. सुटलेला धागा, तेलाचा डाग, वाकडी शिवण दिसली की तो टॉवेल बाजूला काढायचा, एवढंच येतं मला.

अम्मी म्हणाली, "कायकू लोगां कू घर में बुलाते? जमाना कैसा हय देखते नईं क्या?" मी म्हणालो, लोक घाबरतात कारण त्यांनी आतून कधी पाहिलेलं नसतं. हे वाक्य सरांचं. पण मलाही तसंच वाटतं. बसमध्ये चढताना मी टोपी खिशात घालतो. कुणीतरी एकदा विचारावं, मी नीट सांगावं, आणि मग टोपी खिशात घालावी लागू नये — इतकीच माझी इच्छा आहे.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीतल्या गड्ड्याच्या जत्रेमुळे कारखाना निम्मा रिकामा. काम कमी, म्हणून मनातल्या मनात उत्तरं घोकली.

सरांनी बजावलंय. त्यांच्या देवांशी तुलना करायची नाही. आमच्यात या, असं कुणाला चुकूनही म्हणायचं नाही. आहे ते सांगायचं, गोड बोलायचं. आणि उदाहरण द्यायचं. "नुसता उपदेश डोक्यावरून जातो. जवळचं उदाहरण दिलं की माणसाला पटतं."

आंघोळ करताना मोठ्यानं बोलत होतो. अम्मीनं दार वाजवलं — "कौन हय रे अंदर?"

१८ जानेवारी

झोप लागत नाही. नवी टोपी घ्यावी की आहे तीच धुवावी? धुतली. वाळली नाही.

१९ जानेवारी, रविवार

झालं. चांगलं झालं! देवाची कृपा.

सकाळी दहापासून लोक येत होते. आमच्या कारखान्यातले रत्नदीप सर सहकुटुंब आले. शेजारच्या पेठेतल्या तेलुगू बायका आल्या, त्यांनी नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या नळाला हात लावून पाहिला आणि आपसात हसल्या. एका म्हातारीनं विचारलं, "देव कुटं हाय?" मी समोरची रिकामी भिंत दाखवली. तिनं भिंतीलाच हात जोडले. मला आतून काहीतरी झालं.

नंतर कॉलेजातल्यासारखी दिसणारी पाच-सहा मुलं आली. एकानं राखाडी स्वेटर घातला होता. फार नम्र. 'सर' म्हणाला मला. मला आजवर कुणी सर म्हटलेलं नाही. त्यानं विचारलं, "सर, मग दर्ग्यावर नवस, बकरं, कंदुरी, हे सगळं तुमच्या धर्मात आहे का?"

हे उत्तर माझं पाठ होतं. नवस फक्त अल्लाहकडे मागायचा, मध्ये कुणी नाही, एवढंच. पण सगळे ऐकत होते. एकजण मान डोलावत होता. मला सरांचं आठवलं, जवळचं उदाहरण. मी म्हणालो, "आता आमच्या आजोळचाच दूधपीर घ्या. माझे सख्खे मामा तिथले मुजावर आहेत. लोक बकरं बोलतात, मामा फातेहा देतात. याचा इस्लामशी काही संबंध नाही. ते स्थान इस्लामचं म्हणताच येणार नाही."

शब्द न् शब्द असाच बोललो. एकही अडखळ नाही. स्वेटरवाल्याचा हात छातीशी होता, हातात मोबाइल. मला वाटलं, धरलाय नुसता.

जाताना त्यानं माझा हात हातात घेतला. जब्बार सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. अम्मीसाठी जिलेबी नेली.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारच्या सुट्टीत कुमारनं मोबाइल पुढं केला. कुमार पॅकिंगला आहे. माझ्या आजोळच्याच गावचा, मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकाच्या कडेला. त्यांचं घर मेंढरंवाल्या धनगरांचं. लहानपणी सुट्टीत आम्ही एकाच ओढ्यात पोहलोय.

"हे तूच न्हवं?"

मीच होतो. टोपी ओलसर, केस चिकटलेले. आवाज स्पष्ट. नवसाबद्दलचं पहिलं वाक्य कापलेलं. नुसतं शेवटचं — ते स्थान इस्लामचं म्हणताच येणार नाही. खाली लाल अक्षरांत: 'मुजावराचा भाचाच सांगतोय!' मग दूधपीराचा फोटो, त्यावर भगवं वर्तुळ, आणि 'दूधसिद्ध महाराजांची समाधी मुक्त करा.'

"गावात समद्यांच्या फोनवर हाय," कुमार म्हणाला. "तुला कुणी सांगितलं रं बोलायला?"

डबा उघडलाच नाही.

२२ जानेवारी

दूधपीर म्हणजे काय, हे स्वेटरवाल्याला मी सांगितलंच नाही. इथं लिहितो, निदान एका ठिकाणी तरी पूर्ण असावं.

माळावर एक कबर. चुना लावलेली, वर पत्रा. शेजारी एक खोली, तिथं मामू राहतात. मामी वारल्यापासून एकटे. त्या गावात मुसलमानाचं घर एवढं एकच. मेंढी व्याली की पहिलं दूध पीराला येतं. पोरगं आजारी पडलं, मेंढरांत रोग शिरला की बकरं बोलतात. ती कंदुरी. बकरं धनगराचं, नवस धनगराचा, जेवणारे सगळे गावातले. पण सुरी मामूंच्या हातात. मामूंनी बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय बकरं कापत नाहीत, फातेहाची प्रार्थना केल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. लिंगायत मटण खात नाहीत, ते साखर ठेवून जातात. मामूंना सगळं गाव मामा म्हणतं.

हे इस्लाममध्ये नाही. मी हे आजही म्हणेन. कबरीतल्या माणसाकडे मागणं हा शिर्क आहे. शिर्क म्हणजे अल्लाहबरोबर दुसरं कुणी धरणं. सगळ्यांत मोठा गुन्हा.

मग हे मी दोनदा खोडून पुन्हा का लिहिलं?

२३ जानेवारी, गुरुवार

जब्बार सरांकडे गेलो. त्यांनीही पाहिलंय. बराच वेळ चष्मा पुसत होते.

"खोटं काही बोललास का?"

"नाही सर."

"मग मान खाली कशाला? पण उदाहरण घरचं द्यायला नको होतं."

"तुम्हीच म्हणाला होता, जवळचं द्या."

"इतकं जवळचं नाही रे."

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी. एसटीनं गावी गेलो. अक्कलकोटला गाडी बदलली. टोपी घातलीच नव्हती, तरी खिडकीकडे तोंड करून बसलो.

माळावर पोचलो तर मामू कबरीभोवती झाडत होते. दस्तगीर मुजावर, माझे सख्खे मामा, वाकलेले, हातात खराटा. मला बघून पहिलं वाक्य — "खाया क्या?"

मी रागवायची वाट बघत होतो. त्यांनी भाकरी वाढली, ठेचा वाढला. जेवताना आपणहून म्हणाले की गावातला नवनाथ, मोबाइलचं दुकान चालवणारा, चार पोरं घेऊन आला होता. बूट बाहेर काढूनच आत आला. म्हणाला, "मामा, तुमाला कोण हलवतंय? ऱ्हावा की. फकस्त ती हिरवी चादर काडा आन् ते अरबी म्हननं बंद करा. तुमच्या भाच्यानंच सांगितलंय, तुमचं न्हाय म्हनून." नवनाथ लहान असताना त्याला डांग्या खोकला झाला होता. त्याची कंदुरी मामूंनीच केली होती. हे मामूंनी सांगितलं नाही. अम्मी सांगते.

भांडी घासून झाल्यावर मामू माझ्याजवळ बसले. हळू विचारलं, जसं डॉक्टरला विचारतात तसं.

"तू बोल्या सो... किताब में वैसाच हय क्या?"

"हौ मामू."

"पक्का?"

"पक्का."

त्यांनी मान हलवली. उठले, खराटा घेतला, आणि जिथं झाडून झालं होतं तिथंच पुन्हा झाडायला लागले.

मी खोटं बोलू शकत होतो. सुचलंच नाही.

परत निघताना कुमारची आजी वाटेत भेटली. कस्तुराबाई. डोक्यावर चाऱ्याचा भारा. म्हणाली, "आलास व्हय रं शाना? शिकून आग लावाय?" तिनं भारा खाली टाकला. औंदा मेंढरांत रोग आला होता, तिनं बकरं बोललं, मेंढरं वाचली. येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी तिची कंदुरी आहे. "नवनाथ म्हनतो बकरं न्हाय चालायचं, समादीपुडं रगत नगं. मी म्हनलं, तुजी समादी आसंल, माजा पीर हाय."

मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तू येऊन सांग की गड्या. चुकून बोललो म्हनावं. तेवढ्यानं भागंल."

२८ जानेवारी

धागे दिसेनात. तीन डागी टॉवेल चांगल्यात गेले. रत्नदीप सरांनी बोलावून घेतलं. ते आमचे चेकिंगचे सुपरवायझर, कधी आवाज चढवत नाहीत. क्लिप त्यांनीही पाहिली होती. मला वाटलं, आता नोटीस.

म्हणाले, "बस. आमच्या घरचं एक सांगतो. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले सगळे देव गाठोड्यात बांधून विहिरीत टाकले. बरोबरच केलं. त्याशिवाय माणूस म्हणून उभं राहता येत नव्हतं. आजीपण दीक्षा घेऊन आली. पांढरं लुगडं, रोज वंदना, कधी चुकली नाही. ती गेली तेव्हा उशी उसवली, तर आत खंडोबाचा टाक."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वडिलांनी परत उशीत घालून शिवून टाकला. तिच्याबरोबर गेला." मग टॉवेल माझ्या पुढं सरकवले. "हे पुन्हा बघ."

दिवसभर विचार केला. त्यांनी मला काय सांगितलं? की मी बरोबर होतो, की चूक?

३१ जानेवारी, शुक्रवार

गावात शांतता बैठक ठेवलीय. बुधवारी, ग्रामपंचायतीत. पोलीस येणार, नवनाथचे लोक येणार, मामूंना बोलावलंय. आणि मला. नवनाथनं स्वतः फोन केला. "घाबरू नका मुबीनभाऊ. तुमी जे बोलला तेच फकस्त हितं बोला. आमी तुमच्याच बाजूचे."

आमी तुमच्याच बाजूचे!

२ फेब्रुवारी, रविवार

अम्मी सकाळपासून जेवली नाही. "एक बार झूट बोल," म्हणते. "अल्लाह माफ करनेवाला हय. ये लोगां नईं." तिच्या बापाची, आजोबाची जागा. मामूंना दुसरं घर नाही, दुसरं काम येत नाही. तिथून उठवलं तर साठी ओलांडलेल्या माणसानं काय करायचं?

संध्याकाळी जब्बार सर म्हणाले, सत्य मागे घेऊ नकोस. आज भीतीनं शिर्काला इस्लाम म्हणालास तर उद्या मशिदीत कोणत्या तोंडानं सांगशील? पण भांडूही नकोस. गैरसमज दूर कर. धर्मात काय आहे हा एक प्रश्न. जागेची सेवा कुणी करायची हा वेगळा प्रश्न. दोन्ही वेगळे करून सांग.

बरोबर आहे. वेगळे करून सांगायचं. त्यासाठी मी आहेच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

वाक्य तयार केलं. पुन्हा पुन्हा तपासलं.

'मी मशिदीत बोललो ते मी स्वतः काय मानतो याबद्दल होतं. दूधपीराची सेवा आमच्या मामांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती गावानं दिलेली आहे, आणि माझ्या बोलण्यानं तिला बाधा येत नाही.'

यात खोटं एक अक्षर नाही. अल्लाहचं राहतं, मामूंचंही राहतं. लांब आहे. पण एका दमात म्हणता येतं. म्हणून पाहिलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

आत्ताच आलो. हात धुतले नाहीत. लिहितो, मग धुतो.

खोली भरलेली. फौजदार खुर्चीवर, बाकी सतरंजीवर. मामू दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसलेले. मी हात धरून पुढं आणायला लागलो तर म्हणाले, "हियांच ठीक हय."

नवनाथ उभा राहिला. आवाज गोड. गावात भांडण नको, मामांबद्दल आदर आहे, वगैरे. मग माझ्याकडे वळला.

"एकच विचारतो. हो किंवा नाही. तुमच्या धर्मात दूधपीर बसतो का?"

मी माझं वाक्य सुरू केलं. "मी मशिदीत बोललो ते मी स्वतः काय..."

"भाषण नको. हो का नाही?"

फौजदार म्हणाले, "सांगा की लवकर. मला पुढं अजून एक बंदोबस्त आहे."

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन-तीन मोबाइल वर झाले. कुमार मागच्या भिंतीला टेकून उभा होता, मान खाली. मी मामूंकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर 'हो' म्हणालो असतो. म्हणून बघितलं नाही.

म्हणालो, "नाही."

लगेच "पण" म्हणालो. तो कुणाला ऐकूच गेला नाही. टाळ्या सुरू झाल्या होत्या. माझं उरलेलं सगळं वाक्य मी टाळ्यांमध्ये म्हटलं. शेवटपर्यंत म्हटलं. माझे ओठ हलताना दिसले असतील तेवढेच.

कस्तुराबाई बायकांतून उठली. "धरम तुमचा तुमी बगा. माज्या बकऱ्याला उद्या बिस्मिल्ला कोन म्हननार ते सांगा."

हशा. नवनाथ म्हणाला, "आज्जे, आता बकरं न्हाय. नारळ फोडायचा."

"बोललंय बकरं आन् फोडू नारळ? तुज्या खोकल्याला नारळ न्हवता फोडला, भाड्या. तवा तुज्या आयनं मुजावराचं पाय धरलं हुतं."

पुन्हा हशा, आता नवनाथवर. त्याचा चेहरा लाल झाला. क्षणभर मला वाटलं, बैठक पालटेल. फौजदारांनी घड्याळ बघितलं. निर्णय होईपर्यंत जागेला कुलूप, दोन्ही बाजूंनी कुणी जायचं नाही. निर्णय कधी, ते सांगितलं नाही. मामूंची खोली आवारातच आहे, म्हणून तीही बंद. "तेवढे दिवस पाव्हण्यांकडं ऱ्हावा."

मामू उठले. फौजदारांना सलाम केला. नवनाथलाही केला.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. त्यांच्या मांडीवर एक पिशवी. अंथरूण, लोटा, कंदुरीची सुरी फडक्यात गुंडाळलेली. मैंदर्गी गेल्यावर म्हणाले, "तू अच्छा बोल्या. झूट नईं बोल्या." आणि माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

आता हात धुतो.

७ फेब्रुवारी

काल कस्तुराबाईचा गुरुवार. कुमार आज सांगत होता. सकाळी बकऱ्याला हळद लावली, हार घातला, दूधपीराच्या कुलपापर्यंत घेऊन गेली. बंदोबस्ताच्या पोलिसानं हाकललं. कुणी म्हणालं, घरी काप. कुणी म्हणालं, मैंदर्गीहून खाटीक आण. ऐकलं नाही. दिवस मावळेपर्यंत बसली आणि मग बकऱ्याचं दावं सोडून त्याला कळपात हाकललं.

"आता ते बोललेलं बकरं हाय," कुमार म्हणाला. "कापायचंबी न्हाय, इकायचंबी न्हाय. आजी त्याच्याकडं बगून शिव्या देती."

"कुणाला?"

"तुला न् नवनाथला. तुमची नावं एका दमात घेती."

१० फेब्रुवारी, सोमवार

मामू घरात असून नसल्यासारखे. पाणी स्वतः घेतात. भांडं विसळून ठेवतात. अम्मीनं टीव्ही लावला तर भिंतीकडे तोंड करून बसतात. आम्ही वजूला नळाखाली बसतो, ते लोट्यानं करतात.

मी मशिदीत नेतो. शेवटच्या रांगेत उभे राहतात, चपलांजवळ. आज जब्बार सर त्यांना भेटले. "तुमच्या भाच्यानं फार हिंमत दाखवली." मामू म्हणाले, "जी."

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या महिन्याचा मशीद दाखवण्याचा कार्यक्रम तूर्त नको, असं कमिटीचं मत आहे. वातावरण निवळू दे. माझ्या नावाची कुठं चौकशी झाली तर मी स्वयंसेवक होतो असं न सांगता, आलो होतो इतकंच सांगावं.

हो म्हणालो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शब-ए-बरात, माफी मागायची रात्र. संध्याकाळी कामावरून आलो तर घरात उदबत्तीचा वास. मामू कोनाड्यापुढं उभे, हातात पेटलेली उदबत्ती, ओठ हलत होते. गुरुवारची सवय. मला पाहिलं आणि थांबले. मी काही बोललो नव्हतो. माझा चेहराही काही बोलला नसेल, असं मला वाटतं.

त्यांनी जळतं टोक बोटांत धरून विझवलं. मग बोटं पायजम्याला पुसली.

मी म्हणायला हवं होतं, लावा मामू, वासाला काय हरकत आहे. म्हणालो नाही. हरकत वासाला नव्हती.

१६ फेब्रुवारी

नवी क्लिप फिरतेय. माझं 'नाही' आणि टाळ्या. 'पण' कापलेला. कारखान्याच्या फाटकावर वॉचमननं मला 'या साहेब' म्हटलं, चेष्टेनं की खरंच ते कळलं नाही. बसस्टॉपवर एका अनोळखी माणसानं हात मिळवला. "तुमच्यासारखे मुसलमान पाहिजेत." आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाच्या टपरीवर आपलीच मुलं होती. एकजण थुंकला. लांब, पण माझ्या दिशेनं.

टोपी खिशात घालायची गरज राहिली नाही. सगळे ओळखतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याला बाहेरचे मौलाना होते. विषय शिर्क. रमजान जवळ आला, म्हणून. आवाज मोठा. म्हणाले, ज्यानं शिर्क केला त्याच्या साऱ्या आयुष्याची नमाज, रोजे, खैरात — सगळं राख. वारा आला की उडून जाणार.

मी मागं वळून पाहिलं. मामू शेवटच्या रांगेत, तोंड थोडं उघडं, एक हात कानामागं. कमी ऐकू येतं म्हणून शब्द न् शब्द टिपत होते.

यातलं पुढचं मला माहीत होतं. ज्याला माहीत नव्हतं त्याचं वेगळं, तौबेचं, पश्चात्तापाचं दार उघडं असतं, नियत फक्त अल्लाह जाणतो. मौलाना तिथवर आलेच नाहीत, वेळ संपली. मी ठरवलं, घरी जाताना मामूंना हे सगळं नीट समजावून सांगायचं. मनात वाक्यंही जुळवली. रस्त्यात मामू म्हणाले, "पानी गरम हुआ रहेंगा क्या घर में?" मी म्हणालो, "असेल." आणि घर आलं.

रात्रीचं जेवले नाहीत. पित्त म्हणाले.

२४ फेब्रुवारी

कुमारनं सांगितलं, माळावर नवीन फरशी बसवतायत. कुलूप असूनही. चादर गेली. कबरीला शेंदूर. दुधाची पद्धत ठेवलीय, पण आता दूध पिशवीतलंही चालतं.

मामूंना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. आज दुपारी अंगणात फडकं पसरून सुरी घासत बसले होते. धार बोटानं बघितली, पुन्हा गुंडाळली, आणि अम्मीला दिली. "तरकारी कू ले."

२७ फेब्रुवारी

जब्बार सरांना विचारलं, मामूंना तुम्ही समजावाल का? मी काय बोललो आणि काय नाही बोललो ते. सर म्हणाले, "तूच समजाव. तुझ्यापेक्षा चांगलं कोण सांगणार?"

१ मार्च, शनिवार

चाँद दिसला. उद्या पहिला रोजा. मामू मगरिबची नमाज पढून आले, पाय धुतले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "कल से रोजे. मेरे रोजे लगना हय तो पयले मेरेकू मुसलमान कर. तू कलमा बोल, मैं तेरे पीछे बोलतूं."

मी म्हणालो, मामू, असं नसतं. तुम्ही आहातच. ते म्हणाले, "नक्को. पक्का कर."

मी 'ला इलाह' म्हणालो. म्हणजे, कुणी देव नाही. 'अल्लाहशिवाय' हे पुढचं म्हणायच्या आधीच थांबलो. मामू डोळे मिटून, ओठ अर्धे उघडे ठेवून थांबले होते — पुढचा शब्द माहीत नसल्यासारखे.